वारेवरचा दगड

दगड ओला होता. परसातले बाकीचे सगळे धुळीने माखलेले, कोरडे ठणठणीत, आणि हा एवढाच कुणी घासूनपुसून ठेवल्यासारखा स्वच्छ — आणि जागेवरून वीतभर सरकलेला. कुंपणाच्या बुडाशी काल बुजवलेलं भोक पुन्हा उघडं पडलं होतं, माती आत उडाली होती, मातीत नखांचे ओरखडे... मैनाने दगड दोन्ही हातांनी उचलून होता तिथे ठेवला. मेल्यांनो, आज बघतेच तुमच्याकडे.

कुडपणच्या त्या वाडीत कुत्री कुणा एकाची नव्हती. ज्याच्या दारात भाकरी त्याची. मैनाने भोकात काटे कोंबून पाहिले, राख पसरून पाहिली, मिरच्या पुरून पाहिल्या — कुत्री ढिम्म. आज ती कुंपणाच्या बुडाने चर खणणार होती, तळाला करवंदीचे काटे, वर दगड, त्यावर चोपून माती. उन्हं वर यायच्या आत ती पहार घेऊन उभी राहिली, पाय रोवून.

पहार कातळावर वाजली. बाळ झालं तेव्हाही अशीच वाजली होती — “कातळ लागला गो, याच्या खाली नाय जात,” म्हणत सासूने, तुळजाबाईने, बाळाबरोबर पडलेली वार हळदकुंकू लावून तेवढ्याच खड्ड्यात पुरली होती, वर हा दगड ठेवला होता आणि बजावलं होतं, कुत्र्याला लागू देऊ नको, पोराला बाधतं. मैनाने डोळ्यांत तेल घालून राखली. आणि मग पोरच गेलं, तापाच्या एका झटक्यात. पुरुषांनी त्याला फडक्यात गुंडाळून रानात नेलं, पुरलं. बायकांनी तिकडे जायचं नसतं, त्यामुळे कुठे, कुठल्या झाडाखाली, ते तिला अजून ठाऊक नव्हतं. विचारलं तर सगळे दुसरंच बोलायला लागत. नवरा मुंबईहून आला, दासगावला बोटीतून उतरून डोंगर चढून आला, चार दिवस राहिला आणि जाताना पायांकडे बघत म्हणाला, दुसरं होईल. दुसरं होईल... जसं काही मडकं फुटलं होतं! त्याचा तिला तेव्हा राग आला होता आणि अजून गेला नव्हता.

ही एक जागा मात्र तिला माहीत होती. तिची आणि बाळाची मिळून असलेली एवढीच.

दुपारी तुळजाबाई मागल्या दारात आली.

“जेव तरी गो. काय मांडलंस हे?”

“कुत्री उकरतात.”

“उकरू दे. आता काय राखायचं हाय तिथं?”

मैनाने पहार मारली. म्हातारी गेली नाही. आवाज उतरवून तिने विचारलं, “दूध व्हाळात सोडतेस ना? मातीत नको. आणि थोडंच पिळ गो, नायतर आटायचं नाय.”

“सोडते.”

खोटं, साफ खोटं, आणि त्याचं तिला काही वाटलं नाही. व्हाळापर्यंत ती रोज जायची, कळशी भरून यायची. पण दूध... ते त्याचं होतं, वाहत्या पाण्याला कशाला द्यायचं? सकाळ-संध्याकाळ ती या दगडापाशी उकिडवी बसायची, चोळी सोडायची आणि शेवटचा थेंब येईपर्यंत पिळायची. आटलं तर काय उरलं मला?

उन्हं कलली तेव्हा चर जवळजवळ भरत आला होता. दगडासमोरचं भोक तेवढं राहिलं. ती फणसाच्या सावलीला टेकली आणि तेवढ्यात भोकातून एक कुत्री आत आली. मैनाने हाताशी आलेला धोंडा उचलला, नेम धरला. पण कुत्रीने माती उकरली नाही. तिने दगडावर जीभ ठेवली, डोळे मिटून चाटत राहिली — वरून, कडेने — आणि मग जिथे ओघळ दगडाखाली मुरला होता तिथे पंजाने उकरायला लागली.

मैनाचा हात तसाच वर राहिला. म्हणजे... काटे, राख, मिरच्या, सकाळपासूनची ही पहार... आणि रोज दोन वेळा आवतण मीच देत होते?

तिने धोंडा मारला नाही. नुसती ओरडली, कुत्री पळाली. मग तिने शेवटचं भोकही काटे घालून, दगड ठासून, टाचेने चोपून बुजवलं — काम अर्धं टाकायचं नाही म्हणून. आता एवढ्यावर भागणार नाही, हे तिला कळलं होतं. वास आहे तोवर ती येणार, इथून नाही तर तिथून.

गुरं परतली. शेजारच्या घरात कुणाचं तरी पोर रडलं आणि मैनाची छाती भरून आली, चोळी भिजली. पाय आपोआप दगडाकडे वळले होते. उद्यापासून नाही देणार. आज एकदाच, शेवटचं... नाही. आजपासूनच. दूध पोटापर्यंत ओघळलं. शेजारचं पोर रडायचं थांबेना. दगडापासून दोन हातांवर, ओल्या चोळीनिशी, सकाळी पहारीपाशी रोवले होते तसे पाय रोवून ती उभी राहिली.