पार्वतीबाईंची येळवस

“अवो, बसा की जरा. डोंगर काय पळून जायलाय का?” पार्वतीबाईंनी डोक्यावरचं आंबिलीचं बिंदगं धोंड्यावर टेकवलं आणि त्याही तिथंच बसल्या.

दिनकरराव बसले नाहीत. एकदा बसलं की उठायची पंचाईत. पालमच्या आसपासच्या विहिरींत उतरून लोकांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात जन्म गेला आणि गुडघे तिथंच कुठंतरी राहिले.

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी जो तो आपापल्या वावरात जेवतो. यांचं वावर तलावात गेलं, तेव्हापासून दर साली कुणाच्या ना कुणाच्या पंगतीला जाणं आलं. लोक मायेनं बोलवत, पण त्या मायेचाच पार्वतीबाईंना शीण आला होता. यंदा शेजारच्या दत्तरावांची सून अगदी चांगल्या मनानं म्हणाली, “मावशी, आमच्याकडंच या. तुमाला तर कुटं जायचं न्हाई.” ती गेल्यावर पार्वतीबाई चुलीपुढं बसून रडल्या. “यंदा माज्या हातानं कुनाला तरी वाढायचं,” एवढंच म्हणाल्या.

तेव्हा दिनकररावांना गंगाखेडच्या पुढचा हा डोंगर आठवला. बोअरच्या कामाला आले असताना एका गुराख्यानं सांगितलं होतं, माथ्यामागं झाडीत डोह आहे, तिकडं कुणी फिरकत नाही. म्हणजे तिथं कुणाचं पाहुणं व्हावं लागणार नव्हतं.

वाट चुकली, मग पुन्हा चुकली. सीताफळीच्या झुडपांनी पातळ ओढून धरलं. शेवटी ओढ्याच्या कडेनं चढल्यावर झाडी मोकळी झाली. काळ्या कातळात हिरवं पाणी, वर धावड्याची सावली आणि शेजारी दोन खाटांएवढी सपाट जागा.

“लय झ्याक हाय की वो!” दमल्या जिवानं पार्वतीबाई डोहाभोवती हिंडल्या. झाडांना हात लावून बघितला, पाणी चाखलं.

दिनकररावांनी आणलेल्या कडब्याची इवलीशी खोप उभी केली. आत पाच पांडव म्हणून मांडलेल्या पाच धोंड्यांना चुना लागला, पूजा झाली. आंबील बांधाच्या कडेनं शिंपडायची असते. इथं बांध नव्हता, म्हणून डोहाला वळसा घालून शिंपडली. मग पार्वतीबाईंनी गाठोडं सोडलं. ओल्या दाण्यांची आंबट भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर. पंगत उठेल एवढं होतं.

येळवसला रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात. इथं रस्ताच नव्हता.

“अवो, कुनी न येनारी जागा हुडकली की आपन.”

खाली उतरून माणूस शोधून आणायचं बळ दोघांतही उरलं नव्हतं. पार्वतीबाई घास घेईनात. ऊन कलायला लागलं.

वाळल्या पानांत बूट वाजले. “कोन हाय तिकडं? जाळ केला का?” खाकीतले वनरक्षक भगवानराव घामाघूम होऊन वर आले. येळवसला लोक रानात चुली पेटवतात म्हणून त्यांची सुट्टी रद्द झालेली, सकाळपासून डोंगर तुडवत होते. “जाळ न्हाई, बरंय. पन इथं बसता येत न्हाई, मावशी. सरकारी जंगल हाय. उठा.”

दिनकरराव धडपडत उठायला लागले. पार्वतीबाईंनी मात्र पळसाची पत्रावळ मांडली.

“उठताव की. पन वावरात आलेलं मानूस येळवसला उपाशी जात न्हाई. बसा आदी.”

वावर हा शब्द त्यांच्या तोंडून सहज गेला. भगवानरावांनी टोपी काढली, बूट सोडले, डोहात हात धुतले आणि मांडी घातली.

“अजून येक उंडा घ्या.”

“बास, मावशी.”

“बास कसं? माजी आन हाय तुमाला.”

हा आग्रहाचा आवाज दिनकररावांनी किती वर्षांत ऐकला नव्हता. त्यांना भरून आलं आणि ते खिरीत बघत राहिले.

जेवण झालं. सगळा डोंगर ज्यांच्या ताब्यात, ते भगवानराव हात पुसत उभे राहिले. “दिवस मावळायच्या आत उतरा,” म्हणाले, आणि जरा घुटमळले. “येऊ का मग, मावशी?”

“या. फुडच्या साली बी हितंच या.”

पुढच्या साली हा चढ आपल्यानं होणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. तरी पार्वतीबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि पाहुण्याला पोचवायला ओढ्यापर्यंत गेल्या.