सात नंबर रिकामा हाय

माझा भुतांवर विश्वास नाही. भुतांचा माझ्यावर असेल तर मला ठाऊक नाही. आम्ही बौद्ध. आत्मा, पितर, पिशाच्च हे सगळं माझ्या वडिलांनी घरातून केव्हाच झाडून बाहेर काढलं. त्यात मी नर्स. मिशनच्या दवाखान्यात उभा जन्म गेला. कितीतरी माणसं मरताना पाहिली, एकही परत आलेलं पाहिलं नाही. तेव्हा पुढचं ऐकून हसायचं असेल तर खुशाल हसा.

सिस्टर असुंता इटलीची. ऐन तारुण्यात नाशिकला आली आणि मराठी शिकली ती निफाड-नांदगावच्या पेशंटांकडून. गोऱ्यापान तोंडातून "लय ताप हाय तुला, उठू नको" ऐकलं की नवा पेशंट दुखणं विसरून बघत राही. ती पक्की कॅथलिक. मी आणि आमचे निकम डॉक्टर बौद्ध. दुपारच्या चहाला आमचं तिघांचं ठरलेलं भांडण असायचं. सिस्टर म्हणायची, आत्मा असतो. डॉक्टर म्हणायचे, एक्स-रेमध्ये दाखवा, लगेच मानतो. तरी बुद्धपौर्णिमेला आमच्या वंदनेत ती मागे हात जोडून उभी असायची, आणि नाताळला चर्चवरची चांदणी टांगायला शिडीवर निकम डॉक्टरच चढायचे. माझा नवरा गेला तेव्हा नातेवाईक जेवून गेले. सिस्टर राहिली, माझ्या शेजारी जमिनीवर झोपली. सख्खी बहीण काय वेगळं करते?

तिच्या दोन सवयी सांगायला हव्यात. वॉर्डात ती कुणाला हाक मारायची नाही. बोटातली अंगठी कॉटच्या लोखंडी दांड्यावर वाजवायची, टक टक, की आम्ही धावायचो. आणि दुसरी म्हणजे ती दुखण्यानं कधी आडवी पडायची नाही. एकदा कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे, तरी राउंड चालूच. डॉक्टर रागावले तर म्हणाली, "मी पेशंट? येडा झाला काय तू?" तिनं सगळ्यांचं केलं, स्वतःचं कुणाला करू दिलं नाही. मला त्याचा मनातून राग होता.

आमच्यात ड्युटी बदलताना 'ओव्हर' देतात. जाणारी नर्स येणारीला एकेका कॉटपाशी नेते, पेशंटचं काय, कसं, ते सांगते. येणारी म्हणते, "घेतला." शेवटचा "घेतला" होईपर्यंत जाणारीनं वॉर्ड सोडायचा नाही. रिलीव्हर आली नाही तर उभं राहायचं, पाय मोडले तरी. एकदा "घेतला" म्हटलं की मग तो पेशंट तुमचा. नंतर नाही म्हणता येत नाही.

पुढे दवाखाना बंद पडला. त्याच सुमारास सिस्टरचा व्हिसा संपला, तो वाढला नाही. ती गेली तेव्हा ओव्हर घ्यायला कुणी नव्हतंच. रिकाम्या वॉर्डात ती बराच वेळ उभी राहिली, मग गाडीत बसली. जुन्या कॉटांचा लिलाव झाला, त्यातली एक मी आठवण म्हणून इंदिरानगरच्या घरी आणली. पायथ्याशी रंगानं सात आकडा लिहिलेला. मागच्या खोलीत ठेवली आणि रीतीप्रमाणे तिच्यावर कपड्यांचा ढीग साचला. अंजली, माझी मुलगी, म्हणायची, "आई, भंगारात दे ना हे."

सिस्टरचे फोन यायचे. हळूहळू तिचं विसरणं वाढलं, इटलीतल्या म्हाताऱ्या नन्सच्या घरात तिला ठेवलं. गेल्या हिवाळ्यात निकम डॉक्टर हार्टअटॅकनं गेले. ते मी तिला कळवलंच नाही. काय करायचं कळवून? मीच कशीबशी सावरत होते.

आणि एका दुपारी सिस्टर क्लाराचा व्हिडिओ कॉल आला. तिथं असुंताची देखभाल तीच करायची. मी मागच्या खोलीत कॉटवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. क्लारा मोडक्या इंग्रजीत म्हणाली, हिनं खाणंपिणं सोडलंय, झोपत नाही, पण जातही नाही. पाद्री येऊन शेवटचं पवित्र तेल लावून गेले. सारखं तुमच्या भाषेत काहीतरी विचारते, आम्हाला कळत नाही.

तिनं फोन पलंगाजवळ नेला. उशीत बोटभर चेहरा उरला होता. डोळे मात्र टक्क उघडे.

"रिलीव्हर आली का?" सिस्टरनं विचारलं.

म्हटलं, एवढंच ना? म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून बोलायचं. "आले, सिस्टर. मी विशाखा. द्या ओव्हर."

तिचा आवाज एकदम पूर्वीचा झाला. "एक नंबर, निफाडची कुसाबाई. सांज झाली की रडती. गोळी देऊ नको, हात धर."

"घेतला."

"दोन नंबर, नांदगावचा काळू. पाणी मागतो सारखं."

"घेतला," मी म्हटलं, आणि मग हातातली घडी हातातच राहिली. कुसाबाईचे डोळे मी मिटले होते. काळूच्या तोंडात शेवटचं पाणी सिस्टरनं घातलं होतं. ती पुढं सांगत गेली, तीन, चार, पाच. बरा होऊन घरी गेलेला त्यांत एकही नव्हता. सगळे आमच्या डोळ्यांदेखत गेलेले. ही बाई इतकी वर्षं, समुद्रापलीकडे, तो वॉर्ड सांभाळत उभी होती.

"सहा नंबर, निकम डॉक्टर. नवीनच आलाय. लय वाद घालतो. म्हणतो, मी नाहीच हाय."

बाहेर चांगलं ऊन होतं. पंखा फिरत होता, खाली भाजीवाला ओरडत होता. माझ्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. हे तिला कुणी सांगितलं? मी नाही. आणि माझ्याशिवाय सांगणारं नव्हतंच कुणी.

"घेतला," मी कसंबसं म्हटलं.

"सात नंबर रिकामा हाय. चादर बदलून ठेव. पेशंट यायचाय."

मी चटका बसल्यासारखी कॉटवरून उठले. "कोण येतंय, सिस्टर?"

ती नुसती बघत राहिली, माझ्या "घेतला"ची वाट बघत. मला बीपी आहे, शुगर आहे. सात नंबर माझ्या घरात आहे. पेशंट दुसरा कोण असणार? मी घाबरले, सरळ सांगते. अंजलीचं अजून काही मार्गी लागलेलं नाही. फोन कट करावा, म्हणावं रेंज गेली, एवढंही मनात आलं. पण कट केला तर ती अशीच राहणार, उपाशी, जागी, रिलीव्हरची वाट बघत.

तिनं पलंगाच्या दांड्यावर अंगठी वाजवली. टक टक.

"पोरी," ती म्हणाली, "माझे पाय दुखत्यात गं."

इतक्या वर्षांत तिनं कधी दुखतं म्हटलं नव्हतं. मला रडूच फुटलं.

"घेतला, सिस्टर. सातही घेतला. सगळा वॉर्ड घेतला. तुमची ड्युटी सुटली. जा आता."

तिनं डोळे मिटले. संध्याकाळी क्लाराचा मेसेज आला, ती गेली. काय विचारत होती, असंही तिनं विचारलं होतं. मी लिहिलं, सुट्टी मागत होती.

मी कॉटवरचे कपडे काढले. कपाटातून पांढरी चादर काढून, वॉर्डातल्यासारखे कोपरे मुडपून, ताणून घातली, उशी ठेवली. अंजलीनं विचारलं, "कोण येणार आहे?" म्हटलं, "पाहुणे." सिस्टरसाठी मेणबत्ती लावली, त्रिसरण म्हटलं आणि तिच्या माळेची प्रार्थना आठवली तेवढी पुटपुटले. मग झोपायला हॉलमध्ये गेले. पुढचे काही दिवस मी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. छातीत जरा कळ आली की वाटे, झालं, पेशंट निघाला. सांजेला मात्र मी दारातूनच हात पुढं करून बसायचे. कुसाबाई रडते ना. घेतला म्हटलं होतं मी.

काल दुपारी चहा ठेवला होता. मागच्या खोलीतून आवाज आला. लोखंडावर अंगठी.

टक टक.

मी गॅस बंद केला. घरात मी एकटी, आणि मी तर इथं स्वयंपाकघरात, दोन पायांवर उभी. मग सात नंबरला कोण आलं?

दारात गेले. ताणून घातलेली चादर मधोमध दबली होती. उशीवर डोक्याएवढा खळगा. भीती वाटायला हवी होती. आला तो राग, जुना, कावीळ झाली तेव्हाचा.

वाटीत तेल कोमट केलं आणि पायथ्याशी जाऊन बसले.

"आता गप पडून राहायचं," मी दटावलं. "इथं ड्युटीवर मी आहे."

चादरीवर हात ठेवला. पायांचे तळवे गारठलेले होते. मी चोळत राहिले.