डोळा नसलेली तारली

मी एक जुनी, हाताने फिरवायची खिम्याची चक्की आहे. मित्रांनो, माझं अंग बिडाचं आणि मूठ लाकडाची. मोरोक्कोतल्या साफी बंदरात माझं आयुष्य गेलं. माझा मालक अल्लाल माझ्यातून मांसाचा खिमा काढी, त्याची सॉसेजेस भाजून लांबड्या पावात घाली आणि बंदराच्या फाटकाशी गाडीवर हॉटडॉग विकी. लोक त्याची वाहवा करत. मला वाटे, ती माझीच.

अल्लाल वारला आणि मी जिन्याखाली गेले. अंगावर गंज चढला, तोंडात कोळ्याची जाळी लागली. फार वाईट दिवस होते ते.

त्याची बायको मीलूदा मात्र हातपाय गाळणारी नव्हती. एक दिवस तिचा दीर तय्यब दारात येऊन म्हणाला, "वहिनी, गाडी नुसती उभी आहे. बकरी ईदपर्यंत चालली नाही, तर मी ती माझ्या मेव्हण्याला देणार."

"चालेल," ती म्हणाली, "आणि मीच चालवीन."

मांस परवडत नव्हतं, पण बंदरात तारली मासळी ढिगाने. तिने मला मीठ-लिंबाने घासलं, गरम पाण्याने धुतलं. मग काटे काढलेली तारली, लसूण, जिरं, कोथिंबीर माझ्या तोंडात पडली. मी आधी नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू? पण मीलूदाने खिमा तळहातावर लांब वळून तव्यावर टाकला आणि घरभर घमघमाट सुटला.

गाडीवर जाताना तिने मला नेलं नाही. माझा रंग उडालेला, चारचौघांत कशी दिसले असते मी! ती कच्ची सॉसेजेस झाकल्या पातेल्यातून घेऊन गेली.

संध्याकाळी पातेलं भरलेलंच परत आलं. शेजारीण हन्नूला ती सांगू लागली, "एक बाई म्हणते, मासा मेला तो मेला, त्याला पावाच्या गादीवर कशाला निजवलंस? पोरं नाक धरून पळाली. आणि होडीवाले नाखवा बूश्ता सगळ्यांदेखत म्हणाले, याचा डोळा कुठंय? कल्ले कुठं बघू?"

"मग काय चुकलं त्यांचं?" हन्नू म्हणाली. "डोळा बघून ताजी आहे का ते पारखल्याशिवाय तू तरी तारली घेतेस का गं?"

मीलूदाची नजर माझ्यावर गेली. "उद्या ही येईल माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी तिने मला गाडीच्या कडेला घट्ट आवळलं. शेजारी ताज्या तारलीची टोपली.

"आज मुंडीसकट आणलंस वाटतं?" नाखवा बूश्ता हसले.

"टोपली समोर आहे, नाखवा. तुम्हीच निवडा."

त्यांनी कल्ले उचलून बघितले, डोळ्यांची चमक बघितली आणि चार तारल्या काढल्या. मीलूदाने मुंडी मोडून, अंगठ्याने काटा ओढून त्या माझ्यात टाकल्या.

"सरक, मी फिरवतो," नाखवा म्हणाले. मी जीव तोडून दळलं. सॉसेज भाजून पावात आलं आणि त्यांनी पहिला घास घेतला. गर्दी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अजून एक दे," ते म्हणाले. "पण मासे मीच निवडणार!"

त्या दिवसापासून टोपलीभोवती भांडणं होऊ लागली. ईदच्या आदल्या दिवशी तय्यब गाडी न्यायला आला, तर लोक त्याच्यावरच ओरडले, "ओ, मागे व्हा! आम्ही आधी आलोय."

मीलूदाने मान वर न करता म्हटलं, "भाऊजी, खायचं असेल तर रांगेतून या."

मित्रांनो, रंग उडाला म्हणून कुणाला जिन्याखाली ढकलू नका. आणि काम झालं की मला लगेच गरम पाण्याने धुवा, कोरडं पुसा. हल्ली नाखवा टोपलीच्या आधी माझ्या तोंडात डोकावून बघतात.