यंत्र सातचे कपाळ

ज्योतीने अक्षराच्या कडेला नख लावून पाहिले. पिवळा रंग अजून ओला होता.

"हे कुणी सांगितलं होतं, काका?"

"सांगायचं काय त्यात?" वसरामने ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला. "गाडीच्या कपाळावर मालकाच्या लेकरांची नावं असतातच."

"ही गाडी न्हाई. यंत्रमानव आहे. ताडाएवढा."

"मंग काय झालं? चालवायला माणूस बसतोय न्हवं आत? छातीतली खिडकी तूच काढून दिलीस."

आखाडा बाळापूरला रस्त्याकडेच्या या शेडमध्ये वसरामचे आयुष्य ट्रक रंगवण्यात गेले होते. लोखंडावर पडलेले ऊन रंगवणे त्याच्यासारखे कुणाला जमत नाही, म्हणून कॉमिकच्या मुखपृष्ठासाठी ज्योतीने मुद्दाम त्याला गाठले होते. आतली पाने तिचीच. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाल्यापासून, शिकवण्या सांभाळून, ती तिने एकटीने लिहून काळ्या शाईने काढली होती. गोष्टीत सिद्धेश्वरच्या धरणाला भगदाड पडते. सहा यंत्रे आपापल्या चालकांसह वाहून जातात. यंत्र सात भगदाडात पाय रोवते, खालची गावे रिकामी होईपर्यंत पाणी अडवते आणि शेवटच्या पानावर बुडते. त्याच्या चालकाला नाव नव्हते. चेहराही शिरस्त्राणात झाकलेला होता.

मुखपृष्ठाचा हा रंगवलेला पत्रा उद्या हिंगोलीच्या छापखान्यात द्यायचा होता. आणि पत्र्यावरच्या त्या राखाडी कपाळावर लाल सावलीसकट ठसठशीत लिहिलेले होते: ज्योती – राणी. धाकट्या बहिणीचे नावही वसरामच्या लक्षात होते.

"पुसा," ती म्हणाली. "आतल्या सगळ्या पानांवर कपाळ कोरं आहे. जुळत न्हाई. आणि यंत्र सरकारी आहे, त्याला मालक न्हाई."

"बिननावाचा फकस्त एक रोडरोलर गेला माझ्या शेडातून. तो बी सरकारीच. चार दिसांत बंद पडला."

"काका."

"पुसतो की." त्याने फडके घेतले, पण हात चालवला नाही. "ही नावं मागं बी म्याच पुसली व्हती. तुझ्या बापाची, ग्यानोबाची गाडी तुमी इकली, तर नव्या मालकानं हितंच आणली रंगवायला."

ज्योती रस्त्याकडे पाहू लागली. वडिलांचा ट्रक कयाधूच्या पुरात पुलावरून वाहून गेला तेव्हा ती बारावीत होती. गाडी सापडली, मग वडील सापडले, एवढेच तिला घरात सांगितले गेले होते. तिनेही पुढे काही विचारले नव्हते.

"गाडी सापडली तेव्हा तुमी होता तिथं?"

"व्हय. पुलावर ही गर्दी. पण कुणाची गाडी, कुणालाच कळंना. नंबर पाण्यात, दारं पाण्यात. कपाळाची पट्टी तेवढी वर. म्या लांबूनच वळखली, माझंच अक्षर ते. म्हणून तर तुझ्या आईकडं, कमलबाईकडं बराबर सांगावा धाडता आला."

एक ट्रेलर गेला. शेडचे पत्रे थरथरून थांबले.

"पुसू का मंग?" फडक्यातून रॉकेल ठिबकत होते.

"वाळू द्या," ज्योती म्हणाली.

घरी येऊन तिने पाने पहिल्यापासून काढली. बारीक निबने प्रत्येक चौकटीतल्या कपाळावर दोन नावे लिहीत गेली. लांबच्या दृश्यांत ती कुणाला वाचता येणार नव्हती, तिथेही लिहिली.

"जेवतीस का?" आईने आतून विचारले.

"आले. एकच पान राहिलंय."

त्या शेवटच्या पानावर कपाळ दिसतच नव्हते. त्याच्या पार वर पाणी होते आणि पाण्यावर बुडबुडे. पातळी हिशेबाने बरोबर होती. धरणातला साठा, भगदाडाची रुंदी, यंत्राची उंची, सगळे तिने ताडून पाहिले होते.

ज्योतीने पांढऱ्या रंगाची बाटली हलवली, टोपण उघडले आणि पाणी बोटभर खाली घेतले, कपाळाची पट्टी तेवढी वर राहील एवढे.