मशीनला मच्छरदाणी

प्रकाशचंदशेठांनी निकाल दिला तो जेवताना, आणि तोही सूर्य मावळायच्या आत. त्यानंतर त्या घरात जेवण नसे, त्यामुळे निकालही नसत.

"अक्षय्यतृतीया, आपली आखाजी, झाली की तो सीपीयू दुकानाच्या माळ्यावर जाईल," ते म्हणाले. "माझा भाचा अखिल बसेल त्याच्यावर. बींदणीनं घरून डिझाइन सांगावी, तो काढेल."

बींदणी म्हणजे घरची सून, जिनल. ती गॅसवर पापड भाजत होती. चिमटा थांबला नाही, पण पापड एका बाजूनं जरा जास्तच भाजला.

"डिझाइन सांगून निघत नाही, पप्पाजी. बांगडीवरचा मोर काय फोनवरून नाचवू?"

सासूबाईंनी, कुसुमलताबाईंनी, हसू ताकाबरोबर गिळलं. नवरा मनन ताटातल्या वरणात काहीतरी शोधत राहिला. मनन दोन्ही खात्यांत बाकी शून्य ठेवणारा माणूस होता. आईबाप एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, आणि हा मधे पासबुकासारखा कोरा.

जिनल दोंडाईच्याची. लग्नाआधीपासून ती कॉम्प्युटरवर दागिन्यांची डिझाइन करायची. जळगावात सोन्याला तोटा नाही आणि हौसेलाही नाही, त्यामुळे पिंप्राळ्यातल्या ह्या घरात बसून तिला काम कमी पडत नव्हतं. दागिना ओतायच्या आधीच गिऱ्हाइकाला तो पडद्यावर दिसायचा, खड्याच्या चमकीसकट, सावलीसकट. ते शेवटचं चित्र तयार व्हायला मशीनला फार राबावं लागे. जिनल त्याला रेंडर म्हणायची. शेठ म्हणायचे, भट्टी लागली.

भट्टी हा शब्द अगदीच खोटा नव्हता. शेठ रोज संध्याकाळी सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसत. पांढरं वस्त्र, लोकरीचं कटासणं, तोंडापुढे मुहपत्ती, समोर वाळूचं घड्याळ. वाळू संपेपर्यंत संसाराचा शब्द नाही, विजेला हात नाही. पंखा बंद, कूलर बंद. वैशाखात जळगावात असं बसणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. आणि घरातलं सगळं शांत झालं की भिंतीपलीकडे जिनलचं मशीन डाळमिलसारखं घरघरू लागे. शेठांना उठता येईना, ओरडता येईना, बटण दाबता येईना. सामायिक समतेचं असतं, पण त्यांची समता त्या पंख्याबरोबर गरगरत असे.

आता खरी गंमत अशी की तो आवाज शेठांनी स्वतःच विकत घेतलेला होता.

गेल्या चातुर्मासात दिव्याभोवती पाखरं झाली तेव्हा त्यांना सीपीयूच्या पुढच्या जाळीत एक किडा ओढला जाताना दिसला. जैनाच्या घरात, तेही चातुर्मासात, विजेवर चालणारा कत्तलखाना. पाणी गाळायचं गळणं घरात होतंच. त्यांनी ते दुहेरी करून सीपीयूच्या डब्याच्या तोंडावर ताणून बांधलं. मग त्यांच्या लक्षात आलं की डब्याला मागंही तोंड आहे, म्हणून मागंही बांधलं. वर धूळ नको म्हणून डबा टेबलाच्या कपाटात ढकलून दार लावलं. जिनलनं तेव्हाच सांगितलं होतं की ह्याचा जीव गुदमरेल. शेठ म्हणाले, यंत्राला जीव नसतो, किड्याला असतो.

तेव्हापासून मशीनला दोन हुकूम होते. एक, गळणं काढायचं नाही. दुसरा, आवाज करायचा नाही. पहिला पाळला की दुसरा मोडायचा. आणि आता शिक्षा म्हणून त्याची रवानगी दुकानाच्या माळ्यावर, पत्र्याखाली, जिथं दुपारी मांजरसुद्धा चढत नाही. तिथं मशीन आठवडाभर टिकलं नसतं. त्याच्यामागून जिनलचं काम गेलं असतं आणि अखिलच्या नावाची पाटी लागली असती, हे सगळ्यांना कळत होतं.

"मशीन इथंच राहील," जिनल सकाळसाठी पाणी भरताना कुसुमलताबाईंना म्हणाली. "आणि गळणंही राहील. आणि पप्पाजींना आवाजही येणार नाही. बघाच तुम्ही."

"तीन-तीन गोष्टी एकदम," सासूबाई म्हणाल्या. "मला तर ह्या घरात एकेक गोष्ट व्हायला वर्ष लागलं."

तोड सापडली ती शेठांच्याच दुकानात. शेठांचा धंदा कूलरचा. उन्हाळ्यात गर्दी झाली की जिनल जेवणाचा डबा द्यायला जाई आणि मदतीला थांबे. त्या दिवशी भादली बाजूचे चिंधानाना तावातावानं आले.

"शेठ, तुमना कूलर चालस, पन गारवा येस नही. बठ्ठी खोली चिकट व्हई जास. आनि आवाज असा, जसं थ्रेशर लायेल शे."

शेठांनी चष्मा कपाळावर चढवला. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता.

"नाना, खिडकी बंद ठेवली ना?"

"ठेवनीच पडस. ऊन येस."

"आणि मागच्या जाळीवर धुळीसाठी गोणपाट टाकलं."

नाना जरा वरमले. "टाकेल शे."

"मग कूलरचा काय दोष? वारा आत यायला मोकळं तोंड पाहिजे, बाहेर जायला मोकळी वाट पाहिजे. तुम्ही त्याचं नाक दाबलं आणि तोंडही दाबलं. बोंबलेल नाही तर काय भजन करेल? आणि पुढच्या वेळी मोठ्या पंख्याचा घ्या. मोठा पंखा सावकाश फिरतो, वारा जास्त, बडबड कमी. लहान पंखा म्हणजे उथळ माणूस, त्याला ओरडल्याशिवाय जमत नाही."

नाना गोणपाट काढायला घरी गेले. जिनल गल्ल्यामागं उभी राहून सासऱ्यांकडे पाहत राहिली. सगळ्या गावाचं नाक मोकळं करणारा माणूस, आणि घरी दुहेरी गळणं.

निघताना तिनं दुकानातून कूलरच्या मोटरीखाली बसवतात ते रबर घेतले आणि बारीक जाळी घेतली. बिल स्वतःच्या नावानं करायला लावलं. त्या घरात फुकट घेतलेल्या वस्तूवर व्याज फार चढतं.

शेठ दुकानात असताना तिनं मशीनचा डबा उघडला. आत खानदेशची धूळ रव्यासारखी साचली होती. ती तिनं ब्रशनं झाडली. मुख्य चिप आणि तिच्यावरचा धातूचा तुकडा ह्यांच्यामधलं मलम वाळून पापुद्रा झालं होतं, ते पुसून नवं लावलं. कर्कश लहान पंखे काढून बाजारातून आणलेले मोठे बसवले, एक पुढून वारा घेणारा, एक मागून टाकणारा. डब्याच्या पायाखाली रबर दिले, म्हणजे थरथर लाकडात उतरणार नाही. कपाटाचं दार बिजागरीसकट काढलं. शेवटी मशीनची धावण्याची गती एक घर खाली आणली. काम थोडं उशिरा होईल, पण धाप लागणार नाही.

उरला प्रश्न गळण्याचा. ते हातात घेऊन ती बसली होती तेव्हा कुसुमलताबाई शेजारी येऊन टेकल्या.

"काढून टाकतेस की काय?"

"नाही. पण हे तोंडाला चिकटतं, मम्मीजी. वारा ओढला की कापड आत ओढलं जातं आणि वाट बंद."

सासूबाईंनी गळणं हातात घेऊन पाहिलं, ताणलं, परत दिलं.

"मी वर्षानुवर्षं घुंघट घेतला," त्या म्हणाल्या. "तोंडावर ओढला की जीव कोंडतो. तेच कापड हातभर वर धरून मांडव केला की खाली अख्खं वऱ्हाड मावतं."

जिनलनं सासूकडे नीट पाहिलं. मग दोघींनी मिळून हलक्या लाकडी पट्ट्यांची चौकट केली, डब्याच्या चारही बाजूंनी वीतभर दूर उभी राहील अशी, आणि वरूनही. मागच्या बाजूला कपाटाची फळी आडवी येत होती, म्हणून ती जिनलनं करवतीनं कापली, मननला न विचारता. पुढच्या बाजूला गळणंच, पण एकेरी. बाकी सगळीकडे जाळी. शिवणयंत्र सासूबाईंनीच चालवलं. कापड एवढं ऐसपैस झालं की त्यातून वारा हळूच यायचा. हात लावला तरी कापड हलल्यासारखं वाटत नव्हतं.

मनन घरी आला. तो बघतच राहिला. "ही मच्छरदाणी?"

"हो. आत किडा जाणार नाही, बाहेरचा ओढला जाणार नाही."

"पप्पांना सांगितलंस?"

"तूच सांग ना."

मनन आंघोळीला गेला.

संध्याकाळी शेठ जेवून उठले, हात धुतले, पांढरं वस्त्र नेसले. पलीकडच्या खोलीत जिनलनं सराफाचा नवरीचा हार, त्या मोसमातलं सगळ्यात जड काम, रेंडरला लावलं. मग येऊन हॉलच्या दारात बसली. शेठांनी पंखा बंद केला, कूलर बंद केला, वाळूचं घड्याळ उलटं केलं.

घर शांत झालं. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. शेठांचे डोळे मिटलेले, पण कान भिंतीकडे होते, हे जिनलला दिसत होतं. सवय माणसाच्या आधी बसते. थोड्या वेळानं त्यांच्या खांद्यांतला ताण उतरला. कपाळावरून घाम ओघळला, तो त्यांनी पुसलाही नाही. वाळू पडत राहिली.

सामायिक पुरं करून ते उठले तेव्हा चेहरा बऱ्याच दिवसांनी मोकळा होता.

"आज मशीन बंद ठेवलंस. चांगलं केलंस. रोज एवढं जमत नाही का?"

"बंद नव्हतं. तुम्ही बसायच्या आधीपासून चालू आहे."

शेठ हसले. जे वाजत नाही ते चालत नाही, हा धंद्यातला त्यांचा अनुभव. ते खोलीत गेले आणि मच्छरदाणीपाशी थबकले. मग गिऱ्हाइकाच्या घरी कूलर तपासतात तसा तळहात मागच्या बाजूला धरला. हाताला गरम वारा लागला. पडद्यावर हाराचा एकेक खडा उजळत होता.

"माझ्या सामायिकात भट्टी लावलीस तू," ते हळू आवाजात म्हणाले.

"तुमच्या सामायिकात मी काहीच केलं नाही. बटण आधी दाबलं होतं."

तेवढ्यात दिव्याभोवतीचा एक चिलटासारखा किडा गळण्यावर येऊन बसला. शेठ वाकले, चष्मा पुढे ओढला. किडा कापडावर दोन पावलं चालला, थांबला, आणि सरळ उडून गेला. त्यांनी पुन्हा एकदा मागं हात धरला, जणू पहिल्यांदा चूक झाली असेल.

"मग आवाजाचं कारण गेलं," जिनल म्हणाली. "किड्याचंही गेलं. आता माळ्यावर कशासाठी न्यायचं तेवढं सांगा."

कुसुमलताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मननही आला, पण त्यांच्या मागं.

शेठांनी घसा साफ केला. "दुकानात सराफ येतात. मला विचारत नाहीत. बींदणी आहे का, असं विचारतात. चार लोकांसमोर काय सांगायचं मी?"

"आहे म्हणून सांगा. घरी आहे, कामात आहे."

"अखिलला शब्द दिलाय."

"अखिलला कूलर विकायला शिकवा. तुमच्यासारखं समजावणारा दुसरा नाही बाजारात. चिंधानानांना त्या दिवशी सांगत होतात, मी मागं उभी होते. नाक दाबलं, तोंड दाबलं, बोंबलेल नाही तर काय. तेच ऐकून मी हे केलं. आता ह्याला माळ्यावर नेलं तर मीही माळ्यावर बसेन, पप्पाजी. पत्र्याखाली, भर दुपारी. सराफ तिथं येतील. शिडी मजबूत करून घ्या."

कुसुमलताबाईंनी पदर कमरेला खोचला. "मग मीही डबा घेऊन तिथंच येते," त्या म्हणाल्या. "घरी कोणासाठी रांधायचं?"

शेठांनी एकदा बायकोकडे पाहिलं. हा खर्च त्यांनी धरलेला नव्हता. मग ते पाणी प्यायला म्हणून निघाले, आणि सूर्यास्तानंतर आपल्याला पाणी चालत नाही हे आठवून तसेच परत आले.

आखाजी आली आणि गेली. अखिल दुकानात आला, गोणपाटं आणि खिडक्या ह्यांबद्दल गिऱ्हाइकांना सांगू लागला. सीपीयूचा विषय निघाला नाही. निघू नये म्हणून शेठांनीच दोनदा बोलणं वळवलं.

एका संध्याकाळी ते कटासणं अंथरून बसले, मुहपत्ती हातात घेतली, वाळूचं घड्याळ उचललं आणि तसंच धरून थांबले.

"बींदणी," त्यांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं, "तुझं काय ते चालू करायचं असेल तर करून घे. मग मी बसतो."

पलीकडून जिनलचा आवाज आला.

"सकाळपासून चालूच आहे, पप्पाजी. बसा तुम्ही."