गाडीलाच राहिलेली किल्ली

दातांच्या दवाखान्याचे पडदे पोहोचवायला रिक्षाने आलेल्या पडदेवाल्याने जिन्याशी उभ्या असलेल्या मोटरसायकलची किल्ली काढली, खिशात टाकली आणि चार पायऱ्या चढून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की ही गाडी आपली नाही.

निदान आता तरी नव्हती.

तो खाली आला. नंबर वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. टाकीच्या डाव्या अंगाला शिडी पडून आलेला पोचा तसाच होता. कुणीतरी गाडीला काळा रंग दिला होता, पण सीटखालून मूळचा हिरवा डोकावत होता. बाबा गेल्यावर ही गाडी दाराशी उभ्या उभ्या गंजायला लागली, तेव्हा आईनेच ती विकून टाकली होती. त्याला बरीच वर्षं झाली.

बाबा नळ-पाइप दुरुस्त करायचे. हात सोन्याचा, पण डोकं सतत कुणाच्या तरी गळक्या टाकीत अडकलेलं. घरी आले की गाडी लावायचे, पान्यांची पिशवी उचलायचे आणि किल्ली गाडीलाच विसरायचे. आई पाणी द्यायच्या आधी विचारायची, "किल्ली?" बाबा आधी एक खिसा चाचपायचे, मग दुसरा, मग ओशाळं हसून दोघा पोरांकडे बघायचे. की पोरं सुटलीच! जो आधी किल्ली आणेल त्याने दुसऱ्या दिवशी पुढे पेट्रोलच्या टाकीवर बसायचं, हा ठराव. दादाचे पाय लांब, तरी तो दाराशी हटकून चप्पल शोधत राहायचा आणि बारक्या, म्हणजे हा पडदेवाला, जिंकायचा. दादा हे मुद्दाम करायचा, हे बारक्याला स्वतःला मुलं झाल्यावर कळलं.

टाकीवर बसलं की खाली इंजिनाची ऊब, दोन्ही बाजूंना बाबांचे हात. बारक्या कितीदा तसाच झोपून जायचा.

एकदा मात्र दोघे किल्ली आणायला गेले तर गाडीच गायब. आईने बाबांना असं फैलावर घेतलं की विचारू नका. संध्याकाळी शेजारचे सुतारकाका गाडी घेऊन आले, तीही धुऊनपुसून. बायकोला अचानक कळा सुरू झाल्या होत्या. हाक मारायलाही थांबले नव्हते. "किल्ली होती म्हणून पोहोचलो हो," म्हणत ते रडायलाच लागले. पुढे कितीतरी दिवस आईने किल्लीचं नाव काढलं नाही, आणि बाबा छाती काढून किल्ली विसरत राहिले.

तर आताही पडदेवाल्याच्या हाताने आपलं जुनं काम केलं होतं, एवढंच. पण आता करायचं काय? किल्ली ठेवून वर जावं तर कुणीतरी गाडी पळवायचं. खिशात घेऊन उभं राहावं तर आपणच चोर. त्याने किल्ली होती तिथे लावली, पडद्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन पायरीवर बसला आणि दादाला फोन लावला.

दादा दुसऱ्या गावी राहायचा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याने खिडकीजवळची खुर्ची धरली होती. दोघांचं बोलणं "बरं आहे ना?" आणि "बरं आहे" यावर येऊन ठेपलं होतं.

"दादा, आपली गाडी सापडली."

"कुठली गाडी?"

"आपली. बाबांची. आणि किल्ली गाडीलाच आहे!"

दादाने सगळा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. "हीच?"

"हीच."

"हलू नकोस तिथून," दादा म्हणाला. "मी फोनवर आहे."

तेवढ्यात जिन्यावरून एक तिशीची बाई गाल धरून धडधडत खाली आली. गाडी जागेवर बघून तिने कपाळाला हात लावला, मग पायरीवरच्या माणसाकडे संशयाने बघितलं.

"ही गाडी वाझी आहे."

"कोणाची म्हणते?" दादा फोनमधून ओरडला.

"माझी म्हणतायत. दात काढलाय त्यांचा."

सुन्न पडलेल्या ओठांनी तिने जमेल तसं सांगितलं. शाळेत भूगोल शिकवते. दाताने सकाळपासून जीव नकोसा केला होता, किल्ली काढायचंही भान नव्हतं. गाडी सासऱ्यांनी हौसेने घेतलेली. आता तीच चालवते. पडदेवाल्यानेही आपली हकीकत सांगितली. ऐकता ऐकता ती हसली, पण अर्ध्याच तोंडाने.

"काका, वला गरगरतंय. घरी सोडता?"

पडदे वर देऊन तो धावतच आला. किक मारली. काही नाही. पुन्हा मारली.

"चोक अर्धाच ओढ," दादा म्हणाला. "पूर्ण ओढलास की रुसते ती."

तिसऱ्या किकला गाडी बोलली. पडदेवाल्याने फोन सायलेन्सरजवळ धरला. पुन्हा कानाला लावला तेव्हा पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"दादा?"

"इंजिनात टॅपेट वाजतंय, सैल झालंय," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "सांग तिला."

पडदेवाल्याने तिला ते सांगितलं. "त्यांनाच येऊन सांगायला सांगा," ती म्हणाली.

आणि दादा खरंच आला. खुर्चीतून उठायला कुरकुरणारा माणूस, पुढच्या रविवारी काठी टेकत बसमधून उतरला. बाईंच्या दाराशी गाडीभोवती फिरून त्याने टाकीवरच्या पोच्यात बोट घातलं. पान्याने टॅपेट बसवून दिलं. मग काठी भिंतीला लावून ठेवली आणि बाईंना विचारलं, "कोपऱ्यापर्यंत नेऊ का?"

"गुडघा आहे ना तुझा?" बारक्या कळवळला.

"किक तू मार. बाकीचं मी बघतो."

कोपरा आला, मागेही पडला. दादाने वेग वाढवला. बारक्या मागे खांदे धरून बसला होता. समोर दादाचे पिकलेले केस, उन्हाने रापलेली मान.

"दादा," तो वाऱ्यात ओरडला, "मागून तू अगदी बाबांसारखा दिसतोस!"

"बाबा एवढ्या जोरात चालवायचे का?"

"नाही!"

"मग गप बस," दादा म्हणाला आणि गाडी पुढच्या चौकातून सरळ नेली.