महासभेतला बत्ता

मी बत्ता बोलतोय. हो, स्वयंपाकघरातला, पितळी. एरवी माझा आवाज आलं-लसणापुरता. आज मात्र तुमच्याशी बोलायचं आहे, आणि लाजेनं मान वर होत नाही.

पनवेलच्या बाजारातून मीनावहिनींच्या वडिलांनी मला आणि खलाला जोडीनं आणलं आणि लेकीच्या रुखवतात मांडलं. जावई प्राध्यापक जयप्रकाश. वाशीत फ्लॅट मिळाला तसे आम्ही तिकडे राहायला गेलो. तेव्हा तिथं इमारती कमी आणि चिखल जास्त होता.

सर कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवत. जेवायला बसले तरी त्यांचा तास संपत नसे. समोर एकट्या वहिनी असल्या तरी शीतयुद्ध आटोपल्याशिवाय ताकाला हात लागत नसे. त्यांच्या संशोधनाचा विषय होता समुद्राचे कायदे ठरवताना छोट्या देशांना मिळणारं स्थान. "मोठे देश त्यांना बोलूच देत नाहीत गं," असं ते आमटी भुरकता भुरकता कळवळून सांगायचे. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

दर वर्षी ते कॉलेजात संयुक्त राष्ट्रांची नकली महासभा भरवत. मुलं एकेक देश होऊन बोलायची, अध्यक्ष अर्थातच सर. अध्यक्षाला हातोडा लागतो, आणि कॉलेजकडे तो नव्हता. मग वहिनींची नजर चुकवून पिशवीत मी आणि माझ्याखाली ठेवायला पोळपाट. पहिल्या वर्षी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर अमेरिका आणि रशिया बसलेले, आणि माझ्या अंगाला लसणाचा वास! पण सरांनी मला पोळपाटावर आपटलं की सगळं जग चिडीचूप व्हायचं. पुढे पुढे मला त्याची चटकच लागली.

पंच्याऐंशी सालचा विषय होता, समुद्र कोणाचा. मालदीवच्या खुर्चीवर पुतळा नावाची मुलगी होती. खाडीकाठच्या कोळ्याची ही पोर, घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. न्हावा शेव्याला बंदराचं काम चालू झालं होतं आणि तिच्या वडिलांची, गोटीरामांची, होडी किनाऱ्याला पडून होती.

सुरुवातीला पुतळानं कागदावरचं छान वाचून दाखवलं. सर खुशीत मान डोलवत होते. मग तिनं कागद खाली ठेवला.

"आता आमच्याकडचंच बगा ना. खाडीत भराव टाकलाय. मासली नाय, बाबांची होडी उभी हाय. कागदावर सगला ठरला, पन आमाला कोन इचारायला आला? आमाला येवढंच सांगायचं हाय, की..."

मुलं पुढे सरकून ऐकत होती. पहिल्या रांगेत सरकारातले एक बडे पाहुणे बसले होते. परदेशातल्या परिषदेला जाण्यासाठी सरांना त्यांची शिफारस हवी होती. पाहुण्यांनी खुर्चीत चुळबुळ केली, सरांनी ती पाहिली आणि मला उचललं.

"विषयांतर होतंय! मालदीव, तुमची वेळ संपली."

वेळ संपली नव्हती. घड्याळ माझ्या शेजारीच होतं, मला दिसत होतं. तरी मी दाणकन वाजलो, नेहमीपेक्षा मोठ्यानं. पुतळा पदर सावरून खाली बसली.

त्या रविवारी ती घरी आली, डब्यात सुका जवळा घेऊन. वहिनी तिच्याच चहासाठी आलं ठेचत होत्या, म्हणून मी सगळं ऐकलं.

"सर, माजं चुकलं. विषय सोडून बोलले."

मला वाटलं, आता सर म्हणतील, अगं, चूक तुझी नाही. सर म्हणाले, "असू दे. पुढच्या वेळी लक्षात ठेव."

वहिनींचा हात थांबला. त्या दारात गेल्या. मी त्यांच्या मुठीतच होतो.

"काय बोलत होतीस गं? राहिलेलं मला सांग."

पुतळानं सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय नाय, काकू. झालं बोलून."

त्या क्षणी मला कोणी मोडीत घातलं असतं तर बरं झालं असतं. सरांनी वर्तमानपत्र उघडलं होतं.

परिषदेला सर जाऊन आले. छोट्या देशांच्या आवाजावर त्यांनी निबंध वाचला, टाळ्या मिळवल्या. एकदा जेवताना म्हणाले, "ती पुतळा हुशार आहे, पण वर्गात तोंडच उघडत नाही." वहिनींनी आमटीचं भांडं असं आदळलं की सरांच्या शर्टावर शिंतोडे उडाले. पुढच्या महासभेला त्यांनी मला घराबाहेर जाऊ दिलं नाही. सरांनी घंटी विकत आणली.

पुतळा बी.ए. झाली आणि कॉलेजातून निघून गेली. तिचं गावही आता बंदरापायी दुसरीकडे वसवलंय म्हणे. मी इथेच आहे, चिंच लावून घासलेला, लख्ख. त्या लख्खपणाचीच लाज वाटते. पुतळा, पोरी, कधी वाशीला आलीस तर वर ये. सर असले तरी ये, पाहुणे असले तरी ये. खाडीचं तुझं राहिलेलं बोलणं सगळं बोल, हवा तेवढा वेळ बोल. मी खलात गप पडून ऐकेन.